पद्धतशीर मासेमारी

मुलीकडे परदेशी गेलेल्या बापानं तीन गोष्टी कटाक्षानं टाळाव्यात, असं आमच्या कट्ट्यावरचे अनुभवी निवृत्त लोक सांगतात. जावयाच्या गाडीत शेजारी बसून पायानं ब्रेक दाबू नये, डिशवॉशरमध्ये आपण होऊन भांडी लावू नयेत आणि नातवाच्या छंदाबद्दल मत देऊ नये. पहिल्या दोन गोष्टी मी पहिल्या आठवड्यातच करून टाकल्या. तिसरीला महिना लागला, कारण नातवाचा छंद म्हणजे नक्की काय हे समजायलाच महिना गेला.

आज त्या छंदाबद्दल मी जाहीर मत देणार आहे. ज्यांच्या घरी मासा चालत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. या लेखात शेवटपर्यंत कोणीही मासा खात नाही. आमच्या सौभाग्यवतींची तक्रारही नेमकी तीच आहे.

नॉर्दॅम्प्टनजवळच्या एका गावात आमची लेक राहते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा. "हा दर शनिवारी मासे धरायला जातो हं बाबा," असं तिनं सांगितलं तेव्हा मला एकदम भरून आलं. रक्त कुठं जातंय? माझं आजोळ वाईचं. मेणवलीच्या घाटाच्या खालच्या अंगाला मामा मला घेऊन बसायचा. बांबूची काठी, दोऱ्याच्या टोकाला गळ, गळाला कणकेची गोळी नाहीतर गांडूळ आणि मधे ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडा. तो तुकडा पाण्यावर तरंगायचा. बुडला की ओढायचं. एवढंच शास्त्र. मामाचे नियमही तीनच : पाण्याकडं बघ, बोलू नकोस, खाजवू नकोस. चार उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत मिळून मी सात मासे धरले. त्यातला सगळ्यात मोठा माझ्या तेव्हाच्या करंगळीएवढा होता. लग्न झाल्यावर नव्या नवलाईत मी हा पराक्रम बायकोला सांगितला. ती मालवणची. ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडं असले मासे मांजर हुंगून सोडतं."

तर शनिवारी पहाटे आम्ही निघालो. मी, नातू आणि नातवाचे मासेमारीतले गुरू, म्हणजे शेजारचे गोरेकाका. हे आडनाव नव्हे, वर्णन आहे. वय सत्तर, रेल्वेतून निवृत्त, बोलणं बेताचं. गाडीत सामान भरायला अर्धा तास लागला. तीन खुर्च्या, छत्री, दोन प्रकारच्या जाळ्या, तीन बादल्या, काठ्यांची पिशवी, एक मऊ गादी आणि औषधाची पेटी.

"गादी कुणाला?" मी विचारलं. रात्रीचा मुक्काम असला तर मला तयारी करायला हवी होती.

"माशाला," नातू म्हणाला. "त्याला जमिनीवर ठेवायचं नसतं, आजोबा. लागतं त्याला."

"आणि औषध?"

"तेही माशालाच. गळ लागलेल्या ठिकाणी लावायचं."

माझ्या लहानपणी मला लागलं तर मामा तंबाखू लावायचा. पण ते असो.

एक दिवसाचं सरकारी लायसन्स मी आदल्या रात्री काढलं होतं. तिथं तेरा वर्षांपुढच्या कोणालाही गळ टाकायचा तर लायसन्स लागतं. तळ्याच्या मालकाचं तिकीट वेगळं. तळ्यावर फलक होता. काट्याला उलटा दात नको, जाळी तळ्याच्या औषधी पाण्यात बुडवून घ्या, मासा गादीवरच ठेवा, फीडर दोऱ्यावरून मोकळा निसटणारा हवा आणि शेवटी ठळक अक्षरांत, सर्व मासे पाण्यात परत सोडा. ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. घरी बायको आलं-लसूण वाटून बसली होती.

आता वादाचा मुद्दा. त्याचं नाव 'मेथड फीडर'.

आपल्याकडे मोदकाचा साचा असतो, तसा तिथं एक लहान साचा मिळतो. फीडर म्हणजे चपट्या बुडाची, शिशाच्या वजनाची, वर फासळ्या असलेली डबी. वजन साधारण तीस ग्रॅम. तिच्यापासून चार इंचांवर गळ. साच्यात आधी आमिष ठेवायचं, त्यावर ओलवून मुरवलेले माशांच्या खाद्याचे दोन मिलिमीटरचे दाणे भरायचे, वरून फीडर उलटा दाबायचा आणि साचा सोडवून घ्यायचा. मोदक तयार. गोरेकाकांचा एकही मोदक फुटत नव्हता. माझ्या सासूबाईंनी त्यांना तत्काळ पसंत केलं असतं. हा मोदक तळ्यात भिरकावला की जड बूड खाली जातं, मोदक वर राहतो, पाण्यानं दाणे सुटतात आणि त्या छोट्याशा ढिगाऱ्यावर आमिष आयतं बसलेलं असतं.

मग येतो कार्प. या माशाला दात आहेत, पण ते घशात. जठर नाहीच. जेवायची पद्धत व्हॅक्युम क्लीनरसारखी : तळाशी तोंड लावायचं, चोखायचं आणि नको ते फुंकून टाकायचं. पूर्वी तो गळसुद्धा असाच फुंकून टाकायचा आणि काठावरचा माणूस रात्रभर चहा पीत बसायचा. मग लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी एक युक्ती काढली. आमिष गळाला टोचायचंच नाही, गळाच्या मागं केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबतं ठेवायचं. मॅडॉक्सनं १९८१ साली पुस्तकात ती जगजाहीर केली. तेव्हापासून आमिष आत जातं, पाठोपाठ उघडा गळ जातो, आणि फुंकताना नेमका खालच्या ओठाला अडकतो. त्यात हा मेथड फीडर. दोरा चार इंचांचा, त्यामुळे मासा जरा वळला की फीडरचं वजन ओठाला लागतं. मासा दचकतो, पळतो, आणि पळण्याच्या हिसक्यानं गळ पक्का होतो.

म्हणजे बघा. मुलगी बघायला आलेल्या मुलापुढं पोह्यांची बशी ठेवली. त्यानं चमचा तोंडात घातला. चमच्याच्या आत लग्न होतं. मुलगा दचकून उठला, आणि त्याच्या उठण्याच्या हिसक्यानंच साखरपुडा झाला. सासरा माजघरात घोरत पडलेला. त्याला भोंगा वाजवून उठवण्यात आलं.

भोंगासुद्धा आहे. दोरा हलला की काठीच्या स्टँडवरचं यंत्र टीं टीं करतं. या यंत्राच्या जनकांपैकी एक रिचर्ड वॉकर. हेरफर्डशरमधल्या रेडमायर नावाच्या तळ्यात त्यानं १३ सप्टेंबर १९५२ च्या पहाटेच्या अंधारात चव्वेचाळीस पौंडांचा कार्प काढला. त्या वेळचा तो इंग्लंडचा विक्रम. मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवला, आणि तिथं त्यानं पुढं बरीच वर्षं पेन्शन खाल्ली. वॉकर रात्र रात्र पाण्यावर डोळे लावून बसणारा माणूस होता. त्यानं भोंगा केला तो अंधारात दिसत नाही म्हणून. आमच्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ सकाळी अकराच्या लख्ख उन्हात तो लावून झोपले होते.

माझे आक्षेप मी तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या, नातवापुढं मांडले.

आक्षेप पहिला. गळ रुतवण्याचं काम मासा करतो, वेळ बघण्याचं काम भोंगा करतो, तर मग माणूस काय करतो? सामान उचलतो. म्हणजे या खेळात आपली नेमणूक हमालाच्या जागेवर झाली.

आक्षेप दुसरा. गोरेकाका रिळाला दोऱ्याची खूण अडकवून ठेवतात. त्यामुळे प्रत्येक मोदक त्याच जागी पडतो. दर पाच-दहा मिनिटांनी नवा मोदक, जागा तीच. थोड्या वेळानं मासे तिथं रेशनच्या रांगेसारखे जमतात. गिऱ्हाईक रांगेत उभं केल्यावर पकडण्यात कसली शिकार?

आक्षेप तिसरा, आणि हा खरा. मामानं मला मासे धरायला शिकवलं नाही. सात मासे हा काही शिकवल्याचा पुरावा नव्हे. त्यानं मला बघायला शिकवलं. धाटाचा तो तुकडा नुसता थरथरला तर खाली चिंगळ्या टोचतायत, तिरका सरकला तर मासा तोंडात धरून चाललाय, आडवा झाला तर त्यानं आमिष वर उचललंय. हे वाचता वाचता खंड्या दिसायचा, पाणसाप दिसायचा, पलीकडच्या काठाला धुणं आपटणारी बाई दिसायची. एक-दीड तास तोंड मिटून एका जागी बघत बसणं मला पुढं आयुष्यात कोणी शिकवलं नाही. शाळेनं नाही, कचेरीनं तर नाहीच नाही. आणि माझा नातू? मोदक टाकून तो फोनवर दुसऱ्याच कोणाचा तरी मासा धरतानाचा व्हिडिओ बघत होता!

नातवानं फोन बाजूला ठेवला आणि ऐकून घेतलं. हा त्याच्या आईचा गुण. मग म्हणाला, "आजोबा, तू किती मासे धरलेस?" आमच्या नातवाच्या मराठीत 'तुम्ही' नाही. उद्या राजा भेटला तर त्यालाही तो तूच म्हणेल.

"सात."

"एका दिवसात?"

"चार वर्षांत."

त्यानं गोरेकाकांना हे भाषांतर करून सांगितलं. गोरेकाकांनी टोपी काढली. आदरानं की शोकानं, ते मला कळलं नाही.

"माझ्या वर्गातली दोन मुलं आली होती," नातू म्हणाला. "तरंग्यावर काहीच मिळालं नाही, मग परत आलीच नाहीत. मेथडवर मिळालं असतं तर आली असती." याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मामाच्या हाताखाली आम्ही पाच भाचे होतो. दुसऱ्या उन्हाळ्याला मी एकटाच उरलो होतो.

तेवढ्यात टीं टीं टीं! काठी कमानीसारखी वाकली. मी थर्मासमधून चहा ओतत होतो. नातवानं काठी उचलून सरळ माझ्या हातात दिली. "तू घे, आजोबा!" पुढची दहा मिनिटं मी काय केलं ते मला आठवत नाही. एवढंच सांगतो की त्या दहा मिनिटांत माझा एकही आक्षेप मला आठवला नाही. गोरेकाकांनी जाळी लावली, मासा गादीवर आला. नऊ पौंडांचा मिरर कार्प. अंगावर मोजके खवले, एकेक जुन्या रुपयाएवढा, आणि तोंडाला चार मिशा. चेहरा थेट आमच्या जुन्या हेडक्लार्कचा. गळ ओठाच्या कडेला, नुसत्या चिमटीनं निघाला. नातवानं औषध लावलं. मला गुडघ्यावर बसवून फोटो काढला. आणि मासा सोडून दिला.

संध्याकाळी मी तो फोटो घरी दाखवला. बायको एकदा फोटोकडं, एकदा माझ्या रिकाम्या हातांकडं बघत म्हणाली, "म्हणजे मासा आणायला गेलात, मासा मिळाला, त्याला औषध लावलंत आणि घरी पाठवलंत?"

"तिथं तसंच असतं," मी म्हणालो. पीटरबरोजवळच्या एका तळ्यात बेन्सन नावाची एक कार्पीण होती. चौसष्ट पौंडांपर्यंत गेलेली. साठाहून अधिक वेळा ती धरली गेली आणि साठाहून अधिक वेळा सुटली. २००९ साली गेली तेव्हा वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले.

"गोड्या पाण्यातला मासा तो," बायको म्हणाली. "खाण्यासारखा नव्हताच. मृत्युलेखच लिहायचा."

पण मी क्रम चुकलो. त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि घरी मी ती सांगितली नाही.

मिरर कार्प सोडल्यावर मला हुरूप आला होता, पण समाधान नव्हतं. त्या माशावर माझा हक्क नव्हता. पगार दुसऱ्याचा आणि सही आपली, असं काहीतरी वाटत होतं. मी म्हटलं, आता मी मामाच्या पद्धतीनं धरून दाखवतो. गोरेकाकांनी निमूटपणे एक जुनी लाकडी पेटी उघडली. आत तरंगे होते, मोरपिसाच्या देठाचे, लाल टोकाचे, त्यांनी तरुणपणी स्वतः केलेले. इंग्लंडातल्या जुन्या मासेमारांचा हा आवडता तरंगा. मोर आपला, या विचारानं मला आणखी स्फुरण चढलं. गळाला गांडूळ लावलं आणि काठाजवळच्या लव्हाळ्यांपाशी सोडलं.

तरंगा उभा राहिला. मी गोरेकाकांकडं वळलो आणि बोलायला लागलो. मेथडमुळे माणसाची नजर कशी मेली, भोंग्यामुळे कान कसे आळशी झाले, धीर म्हणजे काय, बघणं म्हणजे काय. चांगलं दहा मिनिटं बोललो. माझं इंग्रजी त्या दिवशी फार छान चाललं होतं. गोरेकाका हूं हूं करत होते.

"आजोबा," नातू म्हणाला.

"थांब रे, बोलतोय ना मी."

"आजोबा, तरंगा नाहीये."

मी काठी ओढली. हिरव्या अंगावर काळे पट्टे, पोटाखालचे पर लालभडक. पर्च. वीतभर मासा, फार देखणा. ओठाला गळ दिसेना. दोरा तोंडात गेला होता तो थेट घशात. पर्च गांडूळ चाखत नाही, गिळतो. तरंगा बुडाल्या क्षणी ओढलं असतं तर गळ ओठात राहिला असता.

नातवानं हात ओले केले, मासा धरला, पेटीतून एक बारीक दांडी काढली आणि दोऱ्यावरून आत सरकवली. तो एक शब्द बोलत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले आणि नजर कुठंही हलत नव्हती. मामा गळ सोडवायचा तेव्हा त्याचाही चेहरा असाच व्हायचा. गळ निघाला, त्याबरोबर थोडं रक्त आलं. त्यानं मासा पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवला. मासा एका अंगावर कलंडत होता. तो पुन्हा सरळ करायचा, मासा पुन्हा कलंडायचा. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी शेपटी हलली आणि मासा लव्हाळ्यांत शिरला. पुढं जगला की नाही, ते त्यालाच ठाऊक.

नातू हात पुसत म्हणाला, "आजोबा, तू बघत नव्हतास."

आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं झालं असतं.

परतताना गोरेकाकांनी नातवाचा फीडर सोडून ठेवण्यापूर्वी एक गोष्ट केली. गळाजवळची गाठ बोटात धरून त्यांनी दोरा मागून खेचला, आणि फीडर त्यावरून सुळकन निसटून त्यांच्या हातात आला. "हे दर वेळी बघायचं," ते म्हणाले. दोरा तुटला तर वजन असं सुटून पडायला हवं. पक्कं बसवलेलं असेल तर मासा ते तोंडाला घेऊन फिरतो, झुडपात अडकतो आणि मरतो. फलकावरच्या त्या ओळीचा अर्थ मला तेव्हा कळला. माझ्या तिन्ही आक्षेपांत मासा कुठंच नव्हता हेही तेव्हाच लक्षात आलं. हमाल होता, रेशनची रांग होती, मामा होता, मी तर पानोपानी होतो.

तेव्हा, वाचकहो, मेथड फीडरला माझा विरोध कायम आहे, फक्त त्याची कलमं बदलली आहेत. पहिलं कलम : न निसटणारा फीडर वापरणाऱ्याला तळ्यावर उभं करू नये. दुसरं : मेथडनं मासा ओठालाच लागतो हे मान्य. पण लागल्यावर तो सोडवायला माणूस जागा हवा, म्हणून भोंगा लावून झोपणाऱ्याची खुर्ची काढून घ्यावी. तिसरं : तरंगा हा श्रेष्ठ आहे, होता आणि राहील, मात्र त्यावर व्याख्यान देणाऱ्याच्या हातात तो देऊ नये. आणि तरीही मी म्हणतो की मुलाच्या हातात पहिली काठी तरंग्याचीच द्यावी. दोन तास द्यावी. मासा नाही लागला तर मग खुशाल मोदक करावेत. पण ते दोन तास शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसानंही गप्प बसावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

पुढच्या तीन शनिवारी आम्ही असंच केलं. आधी तरंगा, मग मोदक. तरंग्यावर नातवाला एक रोच मिळाला, मला काही नाही. पण एकदा खंड्या आला आणि माझ्या काठीच्या टोकावर बसला. नातवानं माझा गुडघा दाबला. दोघंही बोललो नाही. फोन खिशातच राहिला, त्यामुळे फोटो नाही.

पुण्याला परत आल्यावर पहिल्या रविवारी बायकोनं मला मंडईत पाठवलं. पापलेट महाग होतं. शेजारच्या पाटीत मोठे, पिवळसर मासे पडले होते. मिशा होत्या. "हा कुठला?" मी विचारलं.

"सायप्रिनस, दादा. धरणाचा. ताजा हाय."

मी चमकलो. कार्प! आपल्याकडे १९३९ साली सिलोनहून निलगिरीत आणला, १९५७ साली बँकॉकहून दुसरा वाण आला, आणि आता आपल्या धरणांत असा मुरलाय की कोळणीनं त्याचं लॅटिन नाव मराठी करून टाकलंय. मी खाली वाकलो आणि त्याचा ओठ उलटून बघायला लागलो.

"दादा, कल्ले बघत्यात," ती म्हणाली. "ओठ काय बघताय? कापू का?"

ओठाला काही खूण नव्हती. जाळ्यातला असणार. तो तिथं हेडक्लार्कच्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघत पडला होता, आणि मला नऊ पौंड, गादी, औषधाची पेटी सगळं आठवायला लागलं.

मी अर्धा किलो भेंडी घेऊन घरी आलो. बायकोनं पिशवीत डोकावून बघितलं.

"हाही सोडून दिलात?" ती म्हणाली.